उम्रीगरांनी कप्तानी का सोडली? बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात क्रिकेटचा विषय निघाला की गाडी हजाऱ्यांवरून गायकवाडांवर येते आणि गायकवाडांवरून हमखास १९५९ वर. मग कोणीतरी विचारतं, की त्या साली भारताचे इतके कप्तान का बदलले? तिथून मद्रासच्या त्या राजीनाम्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. दांडिया बाजारातल्या गप्पांत, मोतीबाग मैदानाच्या कुंपणाशी आणि नात्यातल्या लग्नांच्या पंगतीत तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. ज्यांना फक्त धावफलक हवा त्यांना हे लांबलचक वाटेल. त्यांनी सरळ जसू पटेलांच्या प्रश्नावर उडी मारावी.

थोडक्यात सांगा, काय झालं होतं?

जानेवारी १९५९. वेस्ट इंडिजचा संघ भारतात आलेला. पाच कसोटींच्या मालिकेतली चौथी कसोटी मद्रासला, २१ तारखेपासून. भारताचे कप्तान म्हणून पॉली उम्रीगर यांचं नाव जाहीर झालं होतं. सामन्याच्या पूर्वसंध्येला अंतिम अकरांमधल्या एका जागेवरून त्यांचं आणि क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष रतिभाई पटेल यांचं जमेना. कप्तानाला एक खेळाडू हवा होता, अध्यक्षांचा आग्रह दुसऱ्यासाठी होता. उम्रीगरांनी कप्तानी सोडली. विनू मांकड यांच्याकडे संघ सोपवला गेला आणि भारत तो सामना २९५ धावांनी हरला.

उम्रीगर म्हणजे नेमके कोण? नव्या पिढीला नाव फक्त पुरस्कारामुळे माहीत आहे.

पहलन रतनजी उम्रीगर, जन्म २८ मार्च १९२६. पारशी, अंगापिंडाने दांडगे, मुंबईच्या संघातले आणि मुंबईकरांचे ‘पॉलीकाका’. कसोटीत द्विशतक ठोकणारे पहिले भारतीय तेच: १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. निवृत्त झाले तेव्हा ५९ कसोटी, ३६३१ धावा आणि १२ शतकं त्यांच्या नावावर होती. त्या काळात भारतीयांमध्ये यापेक्षा मोठे आकडे कोणाचेच नव्हते. शिवाय ऑफस्पिन आणि कटर टाकून ३५ बळी. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, वादाशी त्याचा संबंध आहे.

कप्तान म्हणून त्यांनी आठ कसोटी केल्या. दोन जिंकल्या, दोन हरल्या, चार अनिर्णित. त्या वेळच्या भारताच्या मानाने हे चांगलंच म्हणायचं. म्हणजे राजीनामा देणारा माणूस कोणाच्या मेहरबानीने खुर्चीवर बसलेला नव्हता.

मालिकेची तोवर काय अवस्था होती?

वाईट. वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट ही वेगवान गोलंदाजांची जोडी फलंदाजांच्या बरगड्यांचा हिशेब घेत होती. मालिका संपली तेव्हा हॉलचे ३० आणि गिलख्रिस्टचे २६ बळी झाले होते, तेही गिलख्रिस्ट चारच कसोटी खेळला असताना. हेल्मेट कोणाला माहीत नव्हतं. गिलख्रिस्टला बीमर, म्हणजे टप्पा न पडता थेट अंगावर येणारा चेंडू, टाकायची खोड होती, आणि ती इतकी वाढली की वेस्ट इंडिजचा कप्तान गेरी अलेक्झांडर याने भारतातला दौरा आटोपताच त्याला घरी पाठवून दिलं. पुढे पाकिस्तानला नेलंच नाही. संघाचा सर्वांत धारदार गोलंदाज कप्तानाने स्वतःहून कमी केला. अब्रूची चाड असलेले कप्तान त्या मालिकेत दोन्ही बाजूंना होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

मुंबईची पहिली कसोटी उम्रीगरांच्या नेतृत्वाखाली अनिर्णित राहिली, कारण ठरलेले कप्तान गुलाम अहमद तेव्हा खेळू शकले नाहीत. कानपूर आणि कोलकाता गुलाम अहमद यांच्याकडे. कानपूरला सुभाष गुप्ते यांनी एका डावात १०२ धावांत ९ बळी घेतले, तरी आपण २०३ धावांनी हरलो. कोलकात्याला रोहन कन्हायने २५६ केल्या आणि एक डाव व ३३६ धावांनी पराभव झाला. त्यानंतर गुलाम अहमद यांनी निवृत्तीच घेतली. चौथ्या कसोटीला कप्तान शोधायची वेळ आली आणि मंडळ पुन्हा उम्रीगरांच्या दाराशी गेलं.

मोडकळीला आलेला संघ त्यांच्या हाती दिला, आणि त्यातला अकरावा माणूस मात्र त्यांना निवडू दिला नाही. राजीनाम्याचं मूळ इथे आहे.

वाद कोणत्या खेळाडूवरून झाला?

संघात ऐन वेळी एक जागा मोकळी झाली होती. उम्रीगर यांना तिथे मनोहर हर्डीकर हवे होते, म्हणजे फलंदाज, आणि गरज पडली तर थोडी गोलंदाजी करणारा. अध्यक्षांना हवे होते जसू पटेल, अहमदाबादचे ऑफस्पिनर.

क्रिकेटच्या हिशेबाने पाहिलं तर कप्तानाचं म्हणणं समजण्यासारखं आहे. हॉल-गिलख्रिस्टपुढे डाव कोसळत होते, तेव्हा एक फलंदाज जास्त असावा असं ज्याला मैदानात उभं राहायचं आहे त्याला वाटणारच. संघात फिरकीची चणचण नव्हती: गुप्ते होते, मांकड होते, बोर्डे होते, आणि ऑफस्पिन तर कप्तान स्वतः टाकत होते. दुसऱ्या बाजूने, धावा रोखायच्या आणि बळी घ्यायचे तर खरा ऑफस्पिनर हवा, हेही काही अडाणी मत नव्हे. दोन शहाणी माणसं यावर तासभर भांडू शकतात आणि चहा पिऊन उठू शकतात. फरक एवढाच की त्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी नाणेफेकीला जायचं होतं.

एका जागेवरून राजीनामा? हा अहंकार नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या आवाजातच उत्तर असतं: ‘एवढं ताणायचं कशाला?’

माझं मत उलटं आहे. संघ निवडणं निवड समितीचं काम, हे उम्रीगर यांना ठाऊक होतं. त्या चौकटीतच त्यांनी आठ कसोटी काढल्या. समितीने दिलेल्या संघात त्यांना न पटणारी नावं याआधी कधीच नव्हती असं थोडंच असेल? पण सामन्याच्या आदल्या दिवशी, अंतिम अकरा ठरवताना, पदाधिकारी येऊन नाव सांगू लागला तर कप्तानाकडे उरतं काय? क्षेत्ररचना करायची, गोलंदाज बदलायचे, आणि हरल्यावर वर्तमानपत्रांत शिव्या खायच्या. निर्णय दुसऱ्याचा, जबाबदारी माझी, ही वाटणी त्यांनी नाकारली.

आणखी एक. अहंकारी माणूस राजीनामा देऊन नंतर गावभर कैफियत मांडतो, सामन्यातून अंग काढून घेतो, पाठीराखे गोळा करतो. उम्रीगर यांनी यातलं काही केलं नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

राजीनामा देऊन ते घरी गेले का?

नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मांकड यांच्या हाताखाली तीच मद्रास कसोटी खेळले.

माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा भाग हाच आहे, आणि तोच लोक विसरतात. कप्तानी सोडायला एक संध्याकाळ पुरते. ती सोडल्यावर त्याच ड्रेसिंग रूममध्ये, त्याच पदाधिकाऱ्यांसमोर, दुसऱ्याचा हुकूम ऐकत उभं राहायचं, याला छाती लागते. राजीनाम्यानंतर उम्रीगर आणखी तीन वर्षं खेळले, आणि त्यांच्या डोक्यावर आलेले कप्तान मोजले तर सात भरतात: मांकड, हेमू अधिकारी, आपले दत्ताजीराव गायकवाड, पंकज रॉय, रामचंद, नरी कॉन्ट्रॅक्टर आणि शेवटी २१ वर्षांचा पतौडी. यातल्या बहुतेकांना ते ज्येष्ठ होते. पतौडीच्या वेळी तर उम्रीगर ३६ वर्षांचे होते, आणि त्याच मालिकेत, १९६२ साली पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत, त्यांनी ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या, वर एका डावात पाच बळी घेतले. कप्तानी गेल्याचा रुसवा बॅटमध्ये कुठे दिसतो का ते तुम्हीच बघा.

अध्यक्षाला संघात नाक खुपसायचा अधिकार होता का?

कागदावर होता. निवड समितीने संघ ठरवायचा आणि मंडळाच्या अध्यक्षाने त्याला मंजुरी द्यायची, अशी आपल्याकडची जुनी रीत. बहुतेक अध्यक्ष सही करून मोकळे होत, पण सही करणाऱ्याच्या हातात पेन असतंच. ही रीत किती चिवट होती ते पाहायचं असेल तर २०१२ आठवा: ऑस्ट्रेलियात ४-० असा मार खाल्ल्यावर निवड समितीला धोनीच्या जागी दुसरा कप्तान हवा होता आणि अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांनी ते होऊ दिलं नाही. तेव्हा निवड समितीत असलेले मोहिंदर अमरनाथ यांनी ते जाहीरपणे सांगितलं, आणि पुढे श्रीनिवासन यांनीही मान्य केलं. त्या वेळी नकाराधिकार कप्तानाच्या बाजूने वापरला गेला म्हणून फारसं कोणी रडलं नाही. हत्यार मात्र तेच होतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या सुधारणांनंतर निवड पूर्णपणे निवड समितीची असं लिहिलं गेलं.

हर्डीकर विरुद्ध पटेल, म्हणजे हा मराठी-गुजराती वाद होता का?

बडोद्यात हा प्रश्न येणारच. काळही तसाच होता. १९५९ मध्ये बडोदं द्वैभाषिक मुंबई राज्यात होतं. एकीकडे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, दुसरीकडे महागुजरातची. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि आपण सगळे मराठी बोलत बोलत गुजरातेत राहिलो. त्या धुळवडीत अध्यक्ष पटेल, खेळाडू पटेल आणि बाहेर राहिला तो हर्डीकर, एवढं ऐकलं की डोक्यात जो दिवा लागायचा तो लागतो.

पण जरा थांबा. हर्डीकरांसाठी अडून बसलेला माणूस पारशी होता, त्याला यात कोणती भाषा राखायची होती? आणि ज्या मनोहर हर्डीकरांना तुम्ही मराठी बाजू समजता, त्यांचा जन्म आपल्या बडोद्याचा, १९३६ चा. मुंबईकडून खेळले म्हणून मुंबईकर झाले. आपल्या गावात तर हा हिशेब अजूनच बसत नाही. इथे मराठी माणूस सकाळी सेवउसळ खातो, दुकानात गुजराती बोलतो आणि गणपतीत आरत्या मराठीत म्हणतो. इथल्या रणजी संघात हजारे आणि गुल महंमद यांनी १९४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली, तेव्हा कोणी मातृभाषा विचारली नव्हती.

वाद अधिकाराचा होता. त्याला प्रांताचा रंग दिला की उम्रीगर यांचा मुद्दाच हातातून निसटतो.

पण जसू पटेल तर पुढे हिरो झाले! म्हणजे अध्यक्षच बरोबर निघाले ना?

हा प्रश्न विचारताना लोकांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू असतं. विचारण्यासारखा आहेच.

त्याच वर्षी डिसेंबरात रिची बेनोचा ऑस्ट्रेलियन संघ आला. कानपूरच्या दुसऱ्या कसोटीत, नव्याने गवत घातलेल्या खेळपट्टीवर, निवड समितीचे अध्यक्ष लाला अमरनाथ यांनी जसू पटेल यांना खेळवायचा हट्ट धरला. जसूभाई तेव्हा ३५ वर्षांचे. पहिल्या डावात ६९ धावांत ९ बळी, दुसऱ्यात ५५ धावांत ५. सामन्यात १२४ धावांत १४. आपण ११९ धावांनी जिंकलो. कसोटीत ऑस्ट्रेलियाला भारताने हरवलं ते पहिल्यांदा.

आता त्या धावफलकाची दुसरी बाजू वाचा. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलिया १०५ धावांत आटोपली. त्यांचा गॉर्डन रोर्क आजारी असल्याने फलंदाजीला आलाच नाही, म्हणजे पडले नऊ बळी. पाच जसू पटेल यांचे. उरलेले चार, २७ धावांत, पॉली उम्रीगर यांचे. ज्या माणसाच्या नावावरून अकरा महिन्यांपूर्वी कप्तानी गेली, त्याच्याच जोडीने दोन टोकांनी गोलंदाजी करून त्यांनी ऑस्ट्रेलिया गुंडाळली.

तेव्हा अध्यक्ष बरोबर होते का? जसू पटेल चांगला गोलंदाज आहे, एवढ्यापुरते नक्कीच. पण कानपूरची कोरी खेळपट्टी म्हणजे मद्रास नव्हे, आणि बेनोचे फलंदाज म्हणजे कन्हाय-सोबर्स नव्हेत. मुख्य म्हणजे कानपूरला हट्ट धरणारा माणूस निवड समितीचा अध्यक्ष होता, ते त्याचं कामच होतं. कप्तान खेळाडू ओळखण्यात चुकू शकतो. चुकायचा हक्कही त्याचाच असावा लागतो. उम्रीगर जसूभाईंबद्दल चुकले असं तुम्ही सिद्ध केलंत, तरी त्यांचा राजीनामा चुकीचा ठरत नाही.

यात बडोद्याचा काय संबंध?

पुष्कळ. राजीनाम्याचं बिल आपल्याच गावाच्या पत्त्यावर आलं.

मद्रासनंतर दिल्लीच्या शेवटच्या कसोटीला मांकडही कप्तान राहिले नाहीत. हेमू अधिकारी यांना बोलावलं. जन्माने पुण्याचे, लष्करातले अधिकारी, रणजीत बडोद्याकडूनही खेळलेले, वय ३९. त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, तीन बळी घेतले आणि सामना अनिर्णित राखला. एकाच मालिकेत चार कप्तान. त्याच सामन्यात चंदू बोर्डे यांनी १०९ आणि ९६ केल्या, आणि आपल्या दत्ताजीराव गायकवाडांनी ५२. कसोटीतली ती त्यांची सर्वोच्च धावसंख्या.

पुढे उन्हाळ्यात इंग्लंडचा दौरा. कप्तानी दत्ताजीरावांकडे आली. त्यांची योग्यता नव्हती असं म्हणू नका. आदल्याच हंगामात, १९५७-५८ ला, त्यांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने सेनादलाला हरवून रणजी करंडक आणला होता. पण कसोटीतली जागा मात्र डळमळीत होती. १९५२ ला लीड्सवर पदार्पण केलं त्याच सामन्यात भारताचे शून्यावर चार बळी गेले, त्या चारांत ते एक होते. संघात उम्रीगर होते, मांजरेकर होते, पंकज रॉय होते. सहा महिन्यांत चार कप्तान खाल्लेली खुर्ची, समोर ट्रूमन आणि स्टॅथम हे इंग्लंडचे वेगवान गोलंदाज, आणि ड्रेसिंग रूममध्ये कप्तानी सोडून आलेला सर्वांत अनुभवी माणूस. व्यवस्थापक म्हणून गेले महाराजा फत्तेसिंहराव गायकवाड, वय २९. संघात बडोद्याचेच जयसिंहराव घोरपडेही होते. म्हणजे अर्धी पंगत आपलीच.

मालिका ५-० अशी गेली. लॉर्ड्सच्या कसोटीला दत्ताजीराव ब्राँकायटिसने आजारी होते, तिथे पंकज रॉय कप्तान झाले, आणि बरगडी मोडलेली असताना नरी कॉन्ट्रॅक्टर यांनी ८१ धावा केल्या. मँचेस्टरला उम्रीगर यांनी ११८ केल्या, दत्ताजीरावांच्या कप्तानीखाली. ऑस्ट्रेलिया आली तेव्हा कप्तानी रामचंद यांच्याकडे गेली होती. १९५८ च्या नोव्हेंबरपासून मोजलं तर साधारण वर्षभरात सात कप्तान.

दत्ताजीरावांच्या नावापुढे लोक आजही ५-० लिहितात. त्यांनी त्याच हंगामात, १९५९-६० ला, महाराष्ट्राविरुद्ध नाबाद २४९ केल्या हे लिहीत नाहीत. १३ फेब्रुवारी २०२४ ला बडोद्यातच वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले, तेव्हा भारताचे सर्वांत वयोवृद्ध कसोटीपटू होते. त्या दिवशीच्या बातम्यांतही पहिल्या चार ओळींत १९५९ होतंच.

म्हणजे उम्रीगर यांच्यामुळे दत्ताजीरावांचं नुकसान झालं?

हे काहीजण जरा तावातावाने म्हणतात, विशेषतः रावपुऱ्यातले जुने लोक. उम्रीगर ठाम राहिले, त्यामुळे मंडळाच्या हातात तयार कप्तान राहिला नाही, हे खरं. मानाने वागण्याची किंमत वागणाराच चुकवतो असं नाही, पुष्कळदा ती रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाकडून वसूल होते, हेही खरं. पण बोट दाखवायचं तर अकरावा माणूस बदलण्याच्या हट्टापायी ज्यांनी कप्तान गमावला त्यांच्याकडे दाखवा. दोन खेळाडूंना एकमेकांसमोर उभं करून मोकळं होणं पदाधिकाऱ्यांना फार सोयीचं जातं.

दत्ताजीरावांनी मग नकार द्यायचा होता का?

देशाची कप्तानी दारात आल्यावर कोण नाही म्हणेल? तुम्ही म्हणाल? मी तर नाही.

बेदी आणि गावसकर यांनीही असंच केलं होतं ना?

असंच नव्हे. तिघांचे मार्ग वेगळे, आणि गंमत म्हणजे त्यातल्या एकात आपला माणूस दोन वेळा मध्यभागी आहे.

बिशनसिंग बेदी यांनी १९७६ ला जमैकात, सबाइना पार्कवर, बाउन्सर आणि बीमरच्या माऱ्याचा निषेध म्हणून पहिला डाव ६ बाद ३०६ वर घोषित केला. दुसऱ्या डावात पाच जण फलंदाजीला उतरलेच नाहीत आणि ९७ वर सगळं संपलं. त्या माऱ्यात वेस्ट इंडिजच्या होल्डिंगचा चेंडू कानावर बसून रुग्णालयात गेलेले फलंदाज म्हणजे अंशुमन गायकवाड, दत्ताजीरावांचे चिरंजीव. ८१ धावांवर होते. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९७८ ला पाकिस्तानात साहिवालच्या एकदिवसीय सामन्यात, १४ चेंडूंत २३ धावा हव्या होत्या, आठ गडी हातात होते, आणि सरफराज नवाज डोक्यावरून बाउन्सर टाकत राहिला. पंचांनी वाइड दिले नाहीत. बेदी यांनी फलंदाजांना परत बोलावलं आणि सामना सोडून दिला. परत बोलावलेल्यांत नाबाद ७८ वर कोण होतं? पुन्हा अंशुमनच. त्या दौऱ्यानंतर बेदी यांची कप्तानी गेली.

गावसकर यांचं प्रकरण १९८१ चं, मेलबर्नचं. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज लिली याच्या चेंडूवर पायचीत दिल्याचा राग, वर लिलीची शेरेबाजी, म्हणून त्यांनी चेतन चौहान यांनाही मैदानाबाहेर ओढत आणलं. सीमारेषेवर व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी उभे होते, त्यांनी चौहान यांना परत पाठवलं, म्हणून सामना वाचला. आपण तो ५९ धावांनी जिंकलो, कपिलने २८ धावांत ५ बळी घेतले. गावसकर यांनी पुढे स्वतःच त्या वागण्याबद्दल खेद व्यक्त केला.

बेदी यांनी सामना सोडला, गावसकर सोडायला निघाले होते. उम्रीगर यांनी फक्त स्वतःची खुर्ची सोडली आणि सामना खेळला. माझी पसंती कोणाला ते कळलंच असेल, तरी सबाइना पार्कपुरता मी बेदी यांच्या बाजूने आहे. तिथे प्रश्न माणसांच्या कवट्यांचा होता.

अलीकडे कोणी असं केलंय का?

कप्तानी सोडणारे झाले. द्रविडने सप्टेंबर २००७ ला, इंग्लंडमधली मालिका जिंकून आल्यावर सोडली. कोहलीने जानेवारी २०२२ ला कसोटीची सोडली, एकदिवसीय संघाची त्याआधी महिनाभर काढून घेतली गेली होती. मनात काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. सामन्याच्या पूर्वसंध्येला, अकरांच्या यादीवरून, तोंडावर सांगून सोडणारा भारतीय कप्तान मला उम्रीगर यांच्याशिवाय दुसरा दाखवता येणार नाही.

मंडळाला पुढे याची खंत वाटली का?

राष्ट्रीय निवड समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. मंडळाच्या कार्यालयात त्यांनी पदाधिकारी म्हणूनही काम केलं. म्हणजे ज्या टेबलावरून आपल्याला नाव सांगितलं गेलं, त्याच्या पलीकडे जाऊन ते स्वतः बसले. ७ नोव्हेंबर २००६ ला मुंबईत वारले. वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला मंडळ जो पुरस्कार देतं, त्याचं नाव पॉली उम्रीगर पुरस्कार. खंत म्हणा, हिशेब म्हणा. कप्तानी मात्र त्यांना पुन्हा कधी मिळाली नाही.

आमच्या मुलाच्या क्लबमध्येही संघ वरून ठरतो. त्याने कप्तानी सोडावी का?

चौदा वर्षांचा आहे ना? आधी त्याला विचारा, की त्याला राग कशाचा आलाय: मित्राला घेतलं नाही याचा, की न विचारता ठरवलं याचा. पहिलं असेल तर गप्प खेळायला सांगा. दुसरं असेल तर प्रशिक्षकांशी त्याने स्वतः जाऊन बोलावं, तुम्ही जाऊ नका. आणि सोडलीच कप्तानी, तर रविवारी सकाळी किटबॅग घेऊन मैदानावर वेळेत पोचला पाहिजे, एवढं मात्र बघा.

आणि ते हर्डीकर? त्यांचं पुढे काय झालं?

मनोहर हर्डीकर त्याच मालिकेत दोन कसोटी खेळले, मुंबई आणि कानपूर. पदार्पणात पहिल्याच चेंडूवर बाद झाले, पण गोलंदाजी करताना तिसऱ्याच चेंडूवर रोहन कन्हायला पायचीत केलं, आणि दुसऱ्या डावात नाबाद ३२ काढून सामना वाचवायला हातभार लावला. मद्रासनंतर त्यांना तिसरी कसोटी कधीच मिळाली नाही. मुंबईसाठी ते वर्षानुवर्षं रणजी खेळले, पुढे मुंबईचे कप्तानही झाले. १९९५ साली, वयाची ५९ पूर्ण व्हायच्या चार दिवस आधी, ते गेले.